मूल जेवत नाही? पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मुलांच्या आहाराविषयी सल्ला घ्यायला येणारे आईबाबा आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या आज्या जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सहा महिने ते साधारण बारा वर्षांच्या निरोगी मुलांसाठी आहेत. मुलाला मधुमेह, सिलियाक (गहू न सोसण्याचा विकार), मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

अडीच वर्षांचा मुलगा आहे. दिवसभर काहीच खात नाही. काय करू?

आधी त्याचा एक दिवस कागदावर मांडून पाहू. सकाळी सातला बाटलीभर दूध. साडेआठला चहात बुडवलेली दोन बिस्किटं, कारण आजोबा खात होते. दहाला अर्धं केळं. अकराला खाली फिरवायला नेलं तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून चिप्सचं पाच रुपयांचं पाकीट. साडेबाराला वरणभात समोर आला तेव्हा त्याने तोंड फिरवलं. मग ‘जेवला नाही बिचारा’ म्हणून दीडला पुन्हा दूध.

‘काहीच खात नाही’ अशी तक्रार असलेल्या बऱ्याच मुलांचा दिवस थोड्याफार फरकाने असाच निघतो. मूल खातंय, पण जेवणाच्या वेळेपर्यंत त्याची भूक शिल्लक राहत नाही. या पानावरच्या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर खरं तर इथेच आहे: भूक लागू द्या.

दुसरा मुद्दा वाढीचा. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या तिप्पट होतं, म्हणजे तीन किलोचं बाळ वर्षाचं होताना नऊ किलोच्या आसपास असतं. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढतं आणि पुढे काही वर्षं दरसाल साधारण दोन किलो. वाढ मंदावली की भूकही उतरते. दहाव्या महिन्यात वाटीभर खिमट चाटूनपुसून खाणारं मूल दीड वर्षाचं झाल्यावर चार घासांत उठतं आणि घरात घबराट उडते. ती बहुतेक वेळा विनाकारण असते.

विनाकारण आहे की नाही, हे कसं कळणार? वजन-उंचीच्या तक्त्यावरून. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते वापरतात. पुढे अठरा वर्षांपर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ साली सुधारलेले तक्ते आहेत. ते तयार करण्यात पुण्यातल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. मुलाची रेषा तक्त्यात खालच्या बाजूला असली तरी आपल्या वाटेने वर चढत असेल, मूल खेळत असेल, शू-शी नीट असेल, तर ते त्याला लागतं तेवढं खात आहे. शेजारच्या मुलाशी तुलना करून काहीही कळत नाही. अंगणवाडीतही दर महिन्याला वजन करतात, तिथलं कार्ड नीट सांभाळून ठेवा.

मागे धावून भरवलं नाही तर तो उपाशीच राहील ना?

एखाद्या वेळेला राहील. एखाद्या दिवशी दोन वेळा राहील. निरोगी मूल समोर अन्न असताना दिवसेंदिवस उपाशी राहत नाही.

कामं वाटून घ्या. काय शिजवायचं, केव्हा वाढायचं आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. काय खायचं ते मूल ठरवतं (‘नूडल्सच पाहिजेत’), आणि किती खायचं ते आई ठरवते (‘अजून चार घास’).

प्रत्यक्षात हे असं करायचं. तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, दोघांमध्ये अडीच-तीन तासांचं अंतर. मधल्या वेळात पाण्याशिवाय काही नाही. दूधसुद्धा नाही, कारण दूध हे अन्नच आहे. घरात सगळे जिथे बसतात तिथेच त्यालाही बसवा, मग ते टेबल असो की पाट. ताटात निदान एक गोष्ट तो हमखास खातो अशी असू द्या: साधा भात, दही, पोळीचा तुकडा, काहीही. बाकी घरात जे शिजलंय तेच, थोडं थोडं. पहिली वाढ वयाच्या वर्षाला एक चमचा या हिशेबाने पुरते. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भाजी. हवं असेल तर तो मागेल. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला. तोंडाने काही बोलू नका, चेहरा पाडू नका. पुढचं खाणं त्याच्या ठरलेल्या वेळी, त्याआधी नाही.

पहिले काही दिवस घर डोक्यावर घेतलं जाईल. अर्ध्या तासाने ‘बिस्कीट’ म्हणून रडणं सुरू होईल, आणि घरातला एक जण विरघळला की सगळं पहिल्यापासून. म्हणून सुरुवात करण्याआधी घरातल्या प्रत्येकाशी बोलून घ्या, सांभाळणाऱ्या मावशींशीसुद्धा.

‘एकच घास, माझ्यासाठी’ हे वाक्य आपल्याकडे प्रेमाचं समजलं जातं. प्रेम त्यात असतंच. पण रोज तेच ऐकणारं मूल पोट भरल्याची खूण आईच्या चेहऱ्यावर शोधायला शिकतं.

मोबाइल लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही.

आणि लावल्यावर काय खातोय, किती खातोय याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून तर तो ‘छान’ जेवतो. अशी मुलं भुकेपेक्षा जास्त तरी खातात किंवा घास गालात धरून बसतात.

आज्या इथे हमखास म्हणतात, ‘आम्हीही चिऊ-काऊ दाखवूनच भरवायचो.’ खरं आहे. पण एक घास काऊचा, एक घास चिऊचा म्हणताना भरवणारी त्याच्याशी बोलत होती, त्याच्याकडे बघत होती, आणि कावळा उडून गेला की खेळ संपत होता. पडद्यावरचं कार्टून संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसभरात एका तासाच्या वर जाऊ नये. तीन जेवणं मोबाइलवर झाली तर तो तास तिथेच संपला.

सोडवताना एकदम सगळं बंद करणं जड जात असेल तर सकाळच्या खाण्यापासून सुरुवात करा, कारण तेव्हा भूक खरी असते. टीव्ही आणि मोठ्यांचे फोनही त्या वेळी बाजूला. बाबा जेवताना रील बघत असतील तर मुलाला नियम समजावण्यात काही अर्थ नाही.

भाज्या अजिबात नको म्हणते. भात आणि बटाटा एवढंच.

दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी अन्नाची भीती वाटणं हा वाढीचाच भाग आहे. मूल चालू लागलं, हाताला येईल ते तोंडात घालू लागलं, की अनोळखी पान खाऊन विषबाधा होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय असावी, असं मानतात. आपल्याला ती दोडक्यासमोर उभी राहिलेली दिसते.

नवी चव ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा, काही मुलांना पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. समोर येणं म्हणजे खाणंच नाही. बघणं, हात लावणं, वास घेणं, जिभेला लावून थुंकणं, सगळं धरायचं. आपण तीनदा देतो आणि ‘हिला दोडका आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. वर तिच्यासमोरच पाहुण्यांना सांगतो. मग तीही तो शिक्का जपते.

चवीपेक्षा पोत आडवा येतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मऊ, बुळबुळीत, पाणी सुटलेली भाजी बऱ्याच मुलांना नको असते. तीच भेंडी चकत्या करून कुरकुरीत परतली तर संपते. पीठ पेरून केलेली भोपळी मिरची, डाळ घालून कोबी, दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं घातलेली गवार, गुळाचा खडा टाकलेली लाल भोपळ्याची भाजी. आपल्या स्वयंपाकात कडू-तुरट चव गोड करून घ्यायच्या युक्त्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत; मुलांसाठी वेगळ्या पाककृती शोधत बसायची गरज नाही. शेवग्याची शेंग हातात दिली तर चोखणं हाच खेळ होतो. शिजवलेलं गाजर न खाणारी मुलं कच्च्या गाजराची कोशिंबीर खातात. काकडी, टोमॅटो, बीट यांनाही भाजीच म्हणा.

कामाला लावा. मटार सोलणं, मेथी निवडणं, कोथिंबीर खुडणं, गवारीच्या शिरा काढणं हे चार वर्षांच्या मुलीला छान जमतं. मंडईत नेऊन ‘आज कोणती घ्यायची’ एवढी एक निवड तिच्यावर सोपवा.

लपवून देण्याबद्दल नेहमी विचारतात. थालीपिठात किसलेला दुधी, धिरड्यात पालक, घारग्यात भोपळा हे लपवणं नाही, ते आपले पदार्थच आहेत. खुशाल करा आणि त्यात काय आहे ते सांगा. पण भाजी भाजीच्या रूपातही ताटात यायला हवी, नाहीतर ओळख कशी होणार? आणि घरातले मोठे पुरुष स्वतःच्या ताटातलं कारलं बाजूला सारत असतील, तर आधी त्यांच्याशी बोला.

भाजी संपवली तर चॉकलेट, असं चालेल का?

नको. भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, असं मूल शिकतं. गोड करायचं असेल त्या दिवशी शिरा नाहीतर खीर जेवणातच वाढा, छोट्या वाटीत, कोणतीही अट न घालता. श्रीखंड-पुरीच्या जेवणात आपण तेच करतो.

दूध किती द्यावं? आणि त्यात घालायची पावडर?

वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर पुष्कळ झालं. दही, ताक, पनीर त्यातच धरा. लिटरभर दूध पिणारं मूल जेवत नाही यात नवल नाही. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि जेवणातलं लोह शोषायलाही ते अडथळा आणतं. गोरंगोमटं, गुबगुबीत, दुधावर वाढलेलं आणि रक्त कमी असलेलं मूल हे नेहमी दिसणारं चित्र आहे. वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये. बाटली पहिल्या वाढदिवसानंतर लवकरात लवकर सोडवा. वाटी-चमचा, मग कप.

पावडरीने उंची वाढत नाही. डब्यामागचं लेबल वाचा, घटकांच्या यादीत साखर कितव्या क्रमांकावर आहे ते बघा. जे जास्त असतं ते आधी लिहायचं असा नियम आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात तसा कुठला प्रकारच नाही. साधं दूध आवडत नसेल तर वेलची घाला, थोडी खारीक पूड घाला, नाचणीच्या सत्त्वात घाला. तरीही नको असेल तर दही द्या. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तीळही त्या बाबतीत उत्तम. दूध न पिणारं मूल अडून राहत नाही.

उष्टावणानंतर काय द्यायचं?

सहा महिने पूर्ण झाले की सुरुवात. त्याआधी फक्त आईचं दूध, आणि पुढे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त ते जेवणासोबत चालू राहू द्या. सहाव्या महिन्यानंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही, म्हणून वरचं अन्न वेळेवर हवं. उष्टावणाचा मुहूर्त आठव्या महिन्यात निघत असेल तर विधी तेव्हा करा, घास आधी सुरू करा.

मऊ गुरगुट्या भात आणि मुगाचं वरण, वर चमचाभर तूप. नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं, वाफवून कुस्करलेला भोपळा. नुसतं डाळीचं वरचं पाणी देऊ नका. त्यात पोट भरण्याएवढंही काही नसतं. चमच्यावरून ओघळणार नाही इतपत घट्ट हवं. मिक्सरमधून काढलेलं, गंध उगाळल्यासारखं वाटण आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत ओढू नका, बोटांनी कुस्करा. ज्या मुलांच्या तोंडात जाडसर कण येऊ दिले नाहीत ती पुढे दोन वर्षांची झाली तरी चावायला तयार होत नाहीत. वर्षाचं झालं की घरातलंच जेवण, तिखट कमी.

अंडं आणि शेंगदाणा उशिरा दिल्याने अ‍ॅलर्जी टळते, असा समज आहे. तो खोटा ठरला आहे. सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजवलेलं अंडं आणि खिमटात अगदी बारीक कूट थोड्या प्रमाणात देऊन बघता येतं; बाळाला तीव्र इसब असेल तर डॉक्टरांना विचारून. अख्खे दाणे, फुटाणे, पॉपकॉर्न मात्र पाच वर्षांपर्यंत नकोत. श्वासनलिकेत शेंगदाणा अडकून मुलं दगावतात. द्राक्षं उभी चार तुकडे करून द्या.

साखरेऐवजी गूळ किंवा मध चालेल ना?

दोन वर्षांपर्यंत वरून घातलेलं गोड टाळा, असा सल्ला आहे, आणि त्यात गूळही आला. गुळात लोह असतं हे खरं, पण जेवढा गूळ खाऊन ते कामाला येईल तेवढा मुलाला कोणी देऊ नये.

मध वर्षाच्या आत अजिबात नाही. नवजात बाळाला मध चाटवायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. मधात काही वेळा अशा जिवाणूचे बीजाणू असतात, जे तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, श्वास अडू शकतो. यात तडजोड नको.

मोठ्या मुलांचा हिशेब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत असावी. पाच वर्षांच्या मुलाला साधारण १,३५० कॅलरी लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे सतरा ग्रॅम, जेमतेम चार चहाचे चमचे. आता आंब्याच्या पेयाच्या खोक्यावर बघा. १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम लिहिलं असेल तर २०० मिलिलिटरच्या खोक्यात चोवीस ग्रॅम झाले. आंबा खाऊ द्या, खोकं नको.

रक्त कमी निघालं आहे. शाळेतून खडू खाते अशी तक्रारही आली.

या दोन्हींचा संबंध असू शकतो. खडू, माती, भिंतीचे पोपडे, पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या मुलांत लोहाची कमतरता वारंवार सापडते. रागावून ही सवय सुटत नाही. रक्त तपासा आणि लोह द्या, मग बहुधा सुटते.

आपण यात एकट्या नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा ५३.८ होता. शहरातली, खात्यापित्या घरातली मुलंही त्यात आहेत.

घरात पहिला बदल करायचा तो चहा-चपातीचा. चहा-चपाती, चहा-खारी, चहा-टोस्ट हा असंख्य मुलांचा सकाळचा नाश्ता आहे. चहातल्या टॅनिनमुळे लोह शोषलं जात नाही, आणि वर भूकही मरते. चपाती तीच राहू द्या, सोबत दाण्याची चटणी, अंडं किंवा मोडाची उसळ द्या. पालेभाज्या, कडधान्यं, अळीव, बाजरी यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही. बरोबर लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो असला की जास्त मिळतं. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली पद्धत उगीच पडलेली नाही. लोखंडी कढई असेल तर माळ्यावरून खाली काढा.

एकदा रक्तक्षय झाला की नुसत्या आहाराने तो भरून येत नाही, औषध लागतं. सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना निळी गोळी मिळते. शाळेत दिलेली ती गोळी दप्तरात तशीच पडलेली असते, तेवढं तपासा. जंताची गोळीही घेऊ द्या.

डब्यात काय देऊ? रोज तोच प्रश्न पडतो.

छोट्या सुट्टीत मुलाच्या हातात दहा मिनिटं असतात. त्यात डबा उघडून, सांडत, भांडत जेवढं होईल तेवढंच. म्हणून डबा लहान ठेवा, हाताने खाता येईल असा आणि गार झाला तरी चांगला लागेल असा. पोळीची गुंडाळी आत चटणी-तूप किंवा परतलेली भाजी, छोटी थालीपिठं, मुगाची धिरडी, इडली, मेथीचे ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या कधीतरी. दुसऱ्या कप्प्यात फळाच्या फोडी किंवा शेंगदाण्याचा लाडू.

डबा परत आला तर जेवणाची वेळ, मित्र, सुट्टीतला खेळ यांची चौकशी करा. कित्येकदा कारण एवढंच निघतं की झाकण तिला उघडत नाही.

शाळेत मिळणारा पोषण आहार पुरतो का? आणि फाटकाबाहेरच्या गाड्यांचं काय?

पूर्वीचं मध्यान्ह भोजन, म्हणजे २०२१ पासूनचं पीएम पोषण, यात पहिली ते पाचवीच्या मुलांना ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलांना ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण ठरलेलं आहे. तो एका वेळचा आहार आहे, दिवसाचा नाही. ‘शाळेत खिचडी मिळते’ म्हणून सकाळी उपाशी पाठवू नका. आणि ती खिचडी कमीपणाची मानून मुलाला नको म्हणायला शिकवू नका. डाळ, तांदूळ, भाजी एकत्र असलेलं ते ताजं गरम जेवण पाकिटातल्या खाऊपेक्षा केव्हाही चांगलं.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. फाटकासमोर प्रत्यक्षात काय विकलं जातं ते आपण रोज पाहतो. पालक-शिक्षक संघात हा नियम दाखवून विषय काढता येतो. वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटण्याऐवजी पेन्सिल वाटा, हेही तिथेच ठरवता येईल.

आम्ही शाकाहारी आहोत. प्रथिनं कुठून येणार?

वरण घट्ट करा. बस, अर्धं काम झालं. वाटीत तळ दिसणारं फोडणीचं पाणी म्हणजे वरण नाही. डाळ, उसळ, पिठलं, दही, दाण्याचं कूट यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात असलं आणि सोबत भात, पोळी किंवा भाकरी असली की पुरतं.

अंडी चालत असतील तर रोज एक द्या, उन्हाळ्यातही. मासे खाणाऱ्या घरांत मुलांना बांगडा, मांदेली, जवळा असे लहान मासे उत्तम, काटे काढून. मोरी किंवा मोठी सुरमई यांसारख्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, ते क्वचित. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी मुलं आनंदाने खातात. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसं काही नाही, तिथे कूट सढळ हाताने घाला आणि दही द्या.

सासूबाई दिवसभर काहीतरी चारत असतात. त्यांना कसं सांगू?

तुम्ही सांगू नका, तुमच्या नवऱ्याला सांगू द्या. आणि ‘देऊ नका’ असं सांगण्यापेक्षा त्यांच्याकडे एक वेळ सोपवा: चारचं खाणं आजीचं. त्यात त्यांनी हवे तेवढे लाड करावेत. राजगिऱ्याचा लाडू, भडंग, गूळ-तूप-पोळीचा लाडू, उकड, घावन, आजीच्या हातचं सगळं. बिस्किटाच्या पुड्यापेक्षा हे त्यांनाही जास्त आवडतं, असा अनुभव आहे. नातवाला खाऊ द्यायचा आजीचा हक्क काढून घेतला तर तो खाऊ चोरून दिला जातो.

मूल गुटगुटीत आहे. मोठेपणी आपोआप उतरेल ना?

वर्षभराच्या बाळाचं बाळसं चालू लागल्यावर उतरतं. सात-आठ वर्षांच्या मुलाचं वाढलेलं वजन मात्र बरेचदा तसंच पुढे जातं. गावोगावच्या गुटगुटीत बालक स्पर्धांनी आपल्या डोक्यात जाड म्हणजे निरोगी असं पक्कं बसवलं आहे. वजन तक्त्यावर तपासा, मानेवर काळपट जाडसर पट्टा दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवा; तो मळ नसतो, घासून जाणार नाही.

उपास, ‘डाएट’, ताटातून पोळी काढून घेणं, भावंडांसमोर चिडवणं यांतलं काही करू नका. घरात आणायच्या वस्तू बदला. जे घरात नाही त्यावरून रोज भांडण होत नाही. संध्याकाळी तासभर मैदानावर सोडा.

आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी पोळीभाजीचा डबा नेत नाही, मुलं नाक मुरडतात म्हणते.

डब्यावरून लढाई करू नका. दुपारी तिला सँडविच नेऊ द्या, घरचं जेवण घरी. संध्याकाळचं ताट वरणभात-भाजीचंच ठेवलंत तर जीभ विसरत नाही. आणखी एक, जे तिकडच्या मराठी घरांत उशिरा लक्षात येतं: अनेक शाळांत शेंगदाण्याला बंदी असते, आणि आपली कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी सगळीकडे कूट असतं. डबा भरण्याआधी शाळेचा नियम वाचा. तिथे खोबरं किंवा तीळ चालतात का तेही विचारा.

भूक वाढवायचं टॉनिक मिळतं ते द्यावं का?

स्वतःहून नाही. अशा काही सिरपमध्ये अ‍ॅलर्जीवरचं औषध असतं. त्याने मूल पेंगतं, भूक तात्पुरती वाढते आणि औषध थांबलं की पहिल्यासारखं होतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

वजन घटत असेल किंवा सहा महिन्यांत अजिबात वाढलं नसेल. गिळताना ठसका लागत असेल, वारंवार उलट्या-जुलाब होत असतील. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल (सहा महिने ते पाच वर्षं, अंगणवाडीताई पट्टीने मोजून देतात), तर त्याच दिवशी. मूल मोजून पाच-सात पदार्थच खात असेल, एका ठरावीक रंगाचंच किंवा एकाच कंपनीचंच हवं असा हट्ट असेल आणि बोलण्या-खेळण्यातही काही वेगळं जाणवत असेल, तर हा लाडाचा प्रश्न नसतो, बालविकासतज्ज्ञांना दाखवा. बद्धकोष्ठताही सांगा. चार-चार दिवस शी न झालेलं मूल जेवणार कसं? दूध आणि मैदा कमी करून पाणी, फळं, पालेभाजी वाढवली की पुष्कळ मुलांची भूक परत येते.

येताना काय आणू?

लसीकरणाचं कार्ड, वजनाच्या जुन्या नोंदी आणि तीन दिवसांचं खाणं लिहून आणा, त्यातला एक रविवार. ताटातलं तर लिहाच. दूध, बिस्कीट, चहाचा घोट, शेजारी मिळालेलं, गाडीत दिलेलं, झोपताना दिलेलं, सगळं वेळेसकट लिहा. लिहिण्याचं काम जो मुलाजवळ दिवसभर असतो त्याच्याकडे द्या.